एमरिखच्या पुढचा खिळा

नेपरव्हिल, इलिनॉय
१४ सप्टेंबर १९८६

त्र्यंबकभावजींना सुमित्राचा नमस्कार.

अक्षर ओळखीचं नाही म्हणून पाकीट उलटसुलट करून बघाल, तेव्हा आधीच सांगते. मी दिगंबर चांदोरकरांची बायको आणि नाशिकच्या राजाराम गर्गेची धाकटी बहीण. तुमचा पत्ता महाराष्ट्र मंडळाच्या डिरेक्टरीत मिळाला. तुम्ही ॲरिझोनात आहात हे ह्यांना बरेच दिवस ठाऊक असावं, कारण त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मला मात्र कधी बोलले नाहीत.

जूनमध्ये ह्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतंही सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो, 'नाही'. चहा हवा का विचारलं तर म्हणतात 'नाही', आणि डावा हात कपाकडे आलेला असतो. पहिले पंधरा दिवस मी चहा परत नेत होते बिचाऱ्यांचा. मग कळलं की शब्द ऐकायचा नाही, डावा हात बघायचा. पुढे आला तर हो, मांडीवर राहिला तर नको. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि आता कुठे मला ह्यांची भाषा येऊ लागली आहे.

पत्र लिहायचं कारण आमच्या हॉलची भिंत. तिच्यावर एका ओळीत सोळा चित्रं आहेत. जर्मनीतल्या नदीकाठच्या गावांची, जुनी, काळ्या शाईत छापलेली, एवढं बारीक काम की खिडक्या मोजाव्यात. शिकागोत लिंकन अव्हेन्यूवर एका जर्मन म्हाताऱ्याचं दुकान आहे, तिथून हे वर्षा-दोन वर्षांनी एखादं आणायचे. पहिलं एसलिंगन, जिथे तुम्ही तिघं कारखान्यात शिकायला होतात. शेवटचं एमरिख. आणि एमरिखच्या पुढे एक रिकामा खिळा. तो ह्यांनी मार्चमध्येच ठोकून ठेवला होता.

रोज सकाळी हे मला खुर्ची त्या टोकाशी न्यायला लावतात. खिळ्याला बोट लावतात, माझ्याकडे बघतात, 'नाही, नाही' म्हणतात आणि रडायला लागतात. दीपानं, आमच्या मुलीनं, तिथे कॅलेंडर लावलं तर ते खाली फेकलं. भावजी, ह्या माणसाला काहीतरी हवंय आणि मला ते देता येत नाही. डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कधीही येऊ शकतो. त्याच्या आत मला कळलं पाहिजे.

इतकी वर्षं मी नीट विचारलंच नाही. 'तुमची जर्मन सासुरवाडी' म्हणून चिडवायची त्या भिंतीला. सुरुवातीला वाटायचं, कुणी मुलगी असेल तिकडे. असती तरी आता काय. काच पुसताना दीपाला दोन चित्रांच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे आणि तारखा दिसल्या. ते बहुधा दुकानदाराचे असतील. ही गावं तुम्ही मिळून पाहिली होती का? काय होतं तिथे? जे आठवेल ते लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन.

एसलिंगन म्हटलं की मला दादाच आठवतो. तिथे आलेल्या तापातून तो उठला नाही, पण ह्यांनी त्याच्या अस्थी बोटीतून मांडीवर धरून नाशिकला आणल्या. आई आता एक्क्याऐंशीची आहे. अजून म्हणते, दिगूनं माझं पोर घरी आणून दिलं. रामकुंडावर तिच्या शेजारी मी उभी होते तेव्हा, सतरा वर्षांची.

फोन करू नका. फोन हॉलमध्येच आहे.

तुमची,
सुमित्रा


चँडलर, ॲरिझोना
२ ऑक्टोबर १९८६

सुमित्रावहिनींना त्र्यंबकचा नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस सुन्न होतो. दिगंबर आमच्यात सगळ्यांत काटक. बर्फात स्वेटरवर फिरायचा आणि मी दोन कोट घालून शिंकत असायचो. त्याला सांगा, त्र्यंबक आता अशा गावात राहतो जिथे ऑक्टोबरातही अंगण तव्यासारखं तापतं, आणि तरी तो मफलर बाळगून आहे. हसेल.

चित्रांबद्दल थोडं सांगू शकतो. एसलिंगनला एक जुन्या पुस्तकांचं दुकान होतं आणि रविवारी आम्हाला दुसरं काही परवडत नसल्यामुळे आम्ही त्याच्या काचेला नाक लावून उभे असायचो. मालकाला दया येऊन त्यानं आम्हाला आत बोलावलं आणि सगळं समजावलं. दीडशे वर्षांपूर्वी लोक ऱ्हाइन नदी बघायला जायचे, त्यांच्यासाठी अशा चित्रांची पुस्तकं निघायची. एक जण गावात बसून चित्र काढायचा. दुसरा, ज्यानं ते गाव जन्मात पाहिलेलं नसायचं, तो ते पोलादी पत्र्यावर उलटं कोरायचा. पुढे पुस्तकं फोडून पानं सुटी विकायला लागले. तुमच्या चित्रांत पुढच्या बाजूला कुणी टोपली घेतलेली बाई, दोन कोळी, शेळ्या वगैरे असतील बघा. ती कोरणाऱ्याची स्वतःची भर. गाव रिकामं दिसू नये म्हणून.

आम्ही सुट्टीत बरंच भटकलो, त्यातलीच ही गावं. हायडेलबर्गचा पूल, बाखाराखचे मळे. राजाराम सगळीकडे पिठल्याची आठवण काढायचा. एकदा त्यानं वाटाण्याच्या पिठाचं केलं होतं, घरमालकीण खिडक्या उघडत फिरली. आकडे दुकानदाराचेच. आणि खिळा म्हणाल तर माणूस एखादा जास्तीचा ठोकून ठेवतोच. आजारात मन कुठेतरी अडकतं. तुम्ही फार खोलात जाऊ नका.

माझी बायको लता तुम्हाला नमस्कार सांगते.

त्र्यंबक


नेपरव्हिल
२६ ऑक्टोबर १९८६

त्र्यंबकभावजी,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मफलरला हसले खरे. पिठल्याशी डोळे मिटून घेतले. 'सुट्टीत बरंच भटकलो' हे आलं तेव्हा 'नाही' म्हणाले, आणि हात मांडीवरून हलला नाही. म्हणजे खरंच नाही.

मग मी आणि दीपानं सोळाही चित्रं उतरवून फ्रेमांच्या पाठी उघडल्या. आकडे दुकानदाराचे नाहीत, ह्यांचे आहेत. ह्यांचा सात मी ओळखते, मधे आडवी रेघ मारलेला. एसलिंगन ०. कानश्टाट १२. हाइलब्रॉन ८०. हायडेलबर्ग १७०. माइंझ २६४. कलोन ४५४. एमरिख ६१८. दीपा जमिनीवर ॲटलास पसरून बसली आणि म्हणाली, "आई, हे रँडम नाहीये. ही एकच नदी आहे, वन लाँग लाइन." आधी नेकार, मग ती ऱ्हाइनला मिळते, मग खाली खाली. हे किलोमीटर आहेत, एसलिंगनपासूनचे.

आणि तारखा. साल नाही, पण सगळ्या एका महिन्याच्या आतल्या. हाइलब्रॉन २५ नोव्हेंबर, हायडेलबर्ग ३०, कलोन ४ डिसेंबर, एमरिख ६. कारखान्यातून एवढी रजा कुणाला मिळत होती? मला ह्यांनी एकदाच सांगितलं होतं की ऱ्हाइन त्यांनी फक्त आगगाडीतून पाहिली. तेव्हा तुमची सहल म्हणजे त्या टोपलीवाल्या बाईसारखी आहे. रिकामं दिसू नये म्हणून घातलेली.

एसलिंगनच्या पाठीवर २० नोव्हेंबर आहे. दादा गेला ११ नोव्हेंबर १९५७ ला. मी बोटांवर मोजलं. दहावा दिवस.

तुम्ही त्या दिवशी नदीत काय सोडलंत? चिमूटभर अस्थी तिथल्या पाण्याला दिल्या असतील तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? दोन वर्षं तो त्या काठावर राहिला होता. मला उलट बरंच वाटेल. ह्यांना तेवढं सांगायचं राहून गेलं असेल आणि तेच मनाला लागलं असेल, तर मी त्यांच्याजवळ बसून सांगीन की मला राग नाही. फक्त तुम्ही एकदा लिहा, म्हणजे मला बोलता येईल.

सुमित्रा


चँडलर
२० नोव्हेंबर १९८६

सुमित्रावहिनी,

तीन पत्रं लिहून फाडली. आज तारीख बघा कुठली आहे ती. आज नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही.

चिमूटभर नाही. सगळ्या.

तिथे मृताची राख घरच्यांच्या हातात देत नाहीत. कलश तिथल्या दफनभूमीतच पुरावा लागतो. देशाबाहेर न्यायचा असेल तरच देतात, तोही सही घेऊन. दिगंबरनं सही केली की मी हा भारतात नेईन. अठरा तारखेला सीलबंद डबा आमच्या खोलीत आला. दिगंबरची बोट फेब्रुवारीत. आता तुम्हाला माझ्या घरची गोष्ट माहीत नसेल. वाईला आमची भिक्षुकी, वडील दशग्रंथी, आणि मी पळून इंजिनियर झालेला मुलगा. पळालेली मुलंच नियमांना जास्त चिकटतात. मी म्हटलं, दहा दिवसांच्या आत विसर्जन झालं पाहिजे, तीन महिने राजाराम खुंटीवरच्या पिशवीत राहणार का? दिगंबर म्हणाला, नाशिकला तार करून विचारू. मी म्हटलं, शास्त्राला तार लागत नाही. हे माझे शब्द आहेत. एकोणतीस वर्षं मी ते ऐकतोय.

वीस तारखेला सकाळी कामावर जायच्या आधी आम्ही गावाबाहेर नदीकाठी गेलो. धुकं होतं. मला जेवढं येत होतं तेवढं म्हटलं. दिगंबरनं डबा पालथा केला. पिंड ठेवला होता, भाताचा, पण कावळा आला नाही. बदकं आली. ती खाऊ लागली तेव्हा दिगंबरला हसू आलं आणि मग तो खाली बसून रडला.

चोवीसला तुमच्या वडिलांची तार आली. अस्थी दिगंबरबरोबर पाठवा, विसर्जन रामकुंडावर, आई अन्न घेत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. शेगडीच्या राखेची कल्पना माझी. दिगंबरनं माझी गचांडी धरली. कोळशाची राख त्या माऊलीच्या मांडीवर ठेवू? दुसऱ्या दिवशी त्यानं राजारामचा ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेतला, तोडला, शेगडी आधी स्वच्छ पुसली, आणि तिच्यात फक्त तेवढंच जाळलं. निदान त्याच्या हाताखालची वस्तू जाऊ दे, म्हणाला. ती राख चहाच्या गाळण्यानं गाळून डब्यात भरली. मेणबत्तीच्या मेणानं झाकण बंद केलं. तुमच्या आईंनी उघडलं नाही ना? दिगंबरला सगळ्या बोटीभर तीच धास्ती होती.

आता नदीचं. वीस तारखेपासून तो हिशेब करत बसला. मालाच्या बोटी चालवणाऱ्यांना विचारायचा, पाणी दिवसाला किती जातं, बंधाऱ्यांपाशी किती अडतं. रोज जेवताना एक नाव घ्यायचा. आज हाइलब्रॉन. आज मानहाइम. मी खाली मान घालून जेवायचो. आठ डिसेंबरला म्हणाला, 'पोचला.' त्यानंतर पुन्हा त्यानं नदीचं नाव काढलं नाही. तो ही गावं जमवत होता हे मला तुमच्या पत्रातून कळलं. फोटो न घेता जुनी चित्रं का घेतली असतील तेही आता समजतं. फोटोत बंधारे, धक्के, कारखाने दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी नदी मोकळी होती, कुठे अडत नव्हती.

एमरिख हे जर्मनीतलं शेवटचं गाव. पुढे हॉलंड, मग समुद्र. तुमचा दुकानदार जर्मन गावांचीच चित्रं ठेवत असणार. म्हणून खिळा रिकामा आहे. राजाराम एमरिखला अडकून पडलाय, वहिनी.

एवढं लिहिलं तर उरलेलंही लिहितो. एकोणसाठ साली दिगंबरचं पत्र आलं की राजारामच्या बहिणीशी लग्न ठरलं. मी उलट लिहिलं, लग्न करतोयस की प्रायश्चित्त घेतोयस? आधी तिला खरं सांग. त्याचं उत्तर आलं नाही. आमचं बोलणं तिथे संपलं ते संपलंच.

त्र्यंबक


नेपरव्हिल
४ जानेवारी १९८७

त्र्यंबकभावजी,

तुमचं पत्र महिनाभर पिठाच्या डब्यामागे होतं. रोज पोळ्या करताना हात लागायचा.

मला तुमचा दोघांचा फार राग आला. आई तो डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्यावरून हात फिरवत होती. 'केवढुसा झाला माझा राजू' म्हणाली. तोवर नुसत्या दुधावर होती, त्या दिवशी पहिल्यांदा भात खाल्ला तिनं. एका फळकुटाच्या राखेवर माझी आई जगली, भावजी. आणि दर वर्षी तिथीला अजून रामकुंडावर जाते, आता रिक्षानं, कुणाचा तरी हात धरून.

मी सगळी चित्रं उतरवून तळघरात नेऊन ठेवली. ह्यांना काही सांगितलं नाही. हे तीन दिवस मोकळ्या भिंतीकडे बघत बसले. 'नाही'सुद्धा म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्याच्यानं बघवेना. बाहेर एवढा बर्फ पडलेला, दीपाची शिकागोची गाडी अडकलेली, मी एकटीनं सोळा फ्रेमा वर आणून लावल्या. एसलिंगनपासून एमरिखपर्यंत. हात भरून आले. ह्यांनी डावा हात पुढे केला, आणि मला वाटलं पाणी हवंय. पाणी नको होतं. माझं मनगट धरून बसले.

राखेचं मी एक वेळ गिळीन. तुम्ही पोरं होतात, चोवीस-पंचवीसची. पण प्रायश्चित्ताचं तुम्ही लिहायला नको होतं, आणि आता लिहिलंत तर पुरतं लिहा. मला साधी बायको म्हणून मागणी आली असं मी धरून चालले होते. ह्यांनी मला कधी चढ्या आवाजात बोलून दुखवलं नाही. माझ्या मैत्रिणी हेवा करायच्या. आता प्रत्येक चांगली गोष्ट आठवते आणि वाटतं, हीसुद्धा फेड होती का? मी आजारी असताना हे रात्रंदिवस उशाशी बसले ते माझ्यासाठी की दादासाठी? पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं असा विचार करू नये हे मला कळतं. पण करते.

दादा जिवंत असताना ह्यांनी माझं नाव कधी काढलं होतं का? आठवून सांगा. माझं मन राखायला काही लिहू नका, टोपलीवाली बाई नको.

आणि समुद्राचं चित्र शोधा. राग असला तरी तेवढं मी त्यांना देणार आहे.

सुमित्रा


चँडलर
२५ जानेवारी १९८७

सुमित्रावहिनी,

सोबतच्या खोक्यात चित्र आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलंय, सुरीनं उघडू नका.

फिनिक्समध्ये कुठे मिळेना. शेवटी लॉस एंजेलिसला ड्राइव्ह करून गेलो, सहा तास. दुकानातली बाई जर्मन गावांचे गठ्ठे काढून देत होती. मी म्हटलं, मला जर्मनी संपल्यानंतरचं हवंय. तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. दुपारी उशिरा हे सापडलं. ब्रील, हॉलंडमधलं, नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं. डावीकडे चर्चचा बुटका मनोरा, मधे शिडाची जहाजं, आणि पुढे पाणी. एका कोपऱ्यावर जुना डाग आहे. लता म्हणाली दुसरं बघा, पण मला ते परत ठेववलं नाही.

पाठीवर मी पेन्सिलीनं लिहिलंय: ७९६, ८ डिसेंबर. माझा सात त्याच्यासारखा काढायचा प्रयत्न केला, मग लाज वाटून खोडला आणि माझाच काढला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राजाराम तुमची पत्रं मोठ्यानं वाचायचा. दिगंबर तेव्हा हटकून बुटांना पॉलिश करत बसायचा. एकदा तुम्ही लिहिलं होतं की शेजारच्यांच्या बकरीनं भूमितीची वही खाल्ली आणि बाई ते खरं मानेनात. दिगंबर एवढा हसला की ब्रश खाली पडला. म्हणाला, पुढच्या पत्रात विचार बाईंनी मानलं का. एवढंच आठवतं. याचा अर्थ काय लावायचा ते मला सांगता येणार नाही. हसणं म्हणजे मागणी नव्हे. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, मला माहीत नाही. तो मला कधी बोलला नाही, आणि मी असलं पत्र लिहिल्यावर तो बोलणार तरी कसा?

त्याच्या समोर यायची इच्छा आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा येईन.

त्र्यंबक


नेपरव्हिल
८ मार्च १९८७

त्र्यंबकभावजी,

तार पोचली असेलच. हे एकवीस फेब्रुवारीला गेले. दुपारी जेवून खुर्चीतच डोळा लागला होता, मी दूध आणायला गेले आणि आले तेवढ्यात. तुम्हाला यायला सांगायचं मी उद्यावर ढकलत राहिले. त्याची मला खंत आहे.

चित्र तीन फेब्रुवारीला आलं. दीपानं संध्याकाळी ते खिळ्याला लावलं. हे खुर्चीत बसून बघत होते. मग खुर्ची पुढे न्यायला लावली आणि डावा तळवा काचेवर ठेवला, पाण्यावर. 'नाही' म्हणाले, पण हळू, झोपताना म्हणतात तसं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे न्यायचा हट्ट थांबला. सकाळी खिडकीशी बसू लागले, बाहेरचा बर्फ बघत. त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

त्या रविवारी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, मला सगळं कळलंय. वीस तारीख, बदकं, ड्रॉइंग बोर्ड. भीतीनं त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मी हात धरला आणि म्हटलं, मला राग आला होता, आता नाही. ते रडले, मीही रडले. आणि मग, भावजी, मी तो प्रश्न विचारला. विचारायला नको होता. म्हटलं, 'माझ्याशी लग्न केलंत ते दादासाठी केलंत का?'

ते म्हणाले, 'नाही.'

शब्द ऐकायचा नाही, हात बघायचा, हे मीच तुम्हाला लिहिलं होतं. पण हात माझ्या दोन्ही हातांत होता. मी घट्ट धरून ठेवला होता. तो पुढे येत होता की राहत होता, मला कसं कळणार? मी सोडला तोपर्यंत ते थकून डोळे मिटून पडले होते. पुन्हा विचारायचं धाडस तेरा दिवसांत झालं नाही, आणि नंतर माणूसच राहिलं नाही. मला हवी म्हणून मागितली की फेड म्हणून, हे आता मला कधीच कळायचं नाही. याचं मला फार दुःख आहे. कधी बकरीच्या गोष्टीवर विश्वास ठेवते, कधी ठेवत नाही.

आता अस्थींचं. इथेही तिकडच्यासारखी हाडं दळून राखच देतात. आमच्या लायब्ररीमागून ड्यूपेज नदी जाते, काठाला अजून बर्फ आहे. दीपा म्हणाली, "आई, लेट्स टेक हिम टू एसलिंगन. राजूमामा तिथे आहे ना?" मलाही तेच हवं होतं. दोन मित्र एका पाण्यात, तुम्हीही आला असतात.

पण आईनं शेजाऱ्यांकडून फोन केला. आवाज खोल गेलाय तिचा. म्हणाली, "दिगूला इकडे आण. रामकुंडावर राजूशेजारी सोड. एकोणतीस वर्षं एकटा आहे तो तिथे."

मी फोन धरून उभी होते, समोर सतरा चित्रं. ह्यांच्या हातात ती तार पडली तेव्हा कसं झालं असेल, ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. तोंडावर आलं होतं की आई, राजू तिथे नाही. मी म्हटलं, 'हो आई, आणते.' म्हणजे आता मीही तुमच्यातली झाले. राग कुणावर करू?

दहावा दिवस होऊन गेला. तुमचा नियम मी मोडला. माझ्या लग्नातला पितळेचा डबा काढला, चिंचेनं घासला, त्यात ह्यांना भरलं. सोळा तारखेला निघते. विमानात डबा मांडीवर ठेवीन. नाशिकला पोचले की आई तो मागेल आणि तशीच घेऊन बसेल, हात फिरवील. झाकण मी मेणानं बंद केलेलं नाही, नुसतं लावलंय.

या वेळी तिनं उघडला तरी चालेल.

सुमित्रा